गाळून घ्यावे

बेरियम सल्फेट गाळणकागदातून आरपार जाऊ शकतं, हे मला विसाव्या वर्षी कळलं, आणि कळलं त्याच मिनिटाला मी ते बेसिनमध्ये ओतून दिलं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. दिलेल्या द्रावणात सल्फेट किती आहे ते वजनावरून काढायचं होतं. पद्धत मला तोंडपाठ होती. द्रावणात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, उकळी आणायची, बेरियम क्लोराइडचं गरम द्रावण थेंबाथेंबानं सोडत ढवळत राहायचं, अवक्षेप आला की चंचुपात्र झाकून वॉटर बाथवर निदान तासभर ठेवायचं आणि मग ४२ नंबरच्या व्हॉटमन कागदातून गाळून घ्यायचं. हा कागद जाळला तर राख जवळजवळ उरत नाही, आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण तो अडवतो. पुढे कागद सावकाश जाळायचा, क्रुसिबल तापवायची, थंड करायची, वजन घ्यायचं. परीक्षेचा निम्मा वेळ नुसता थांबण्यात जायचा.

मी थांबले नाही. माझा बर्नर फरफरत होता, द्रावण उकळत नव्हतं, आणि शेजारच्या टेबलांवरच्या मुली गाळायला लागल्या होत्या. उकळीची वाट न बघता मी बेरियम क्लोराइड एकदम ओतलं. चंचुपात्रात दूध सांडल्यासारखं पांढरं झालं. तासाऐवजी दहा मिनिटं ठेवलं आणि नरसाळ्यात ओतलं.

खाली उतरणारं ते पाणी मला आजही दिसतं. पेज निवली की तिच्यावर जे निळसर पांढरं पाणी येतं, तसं होतं. त्याच कागदातून पुन्हा गाळलं, तरी तसंच. मी मान वर करून पाहिलं. परीक्षक खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. नळ सोडला, चंचुपात्र कलतं केलं. कागदावर राहिलेल्याचं वजन कमी भरणार हे उघड होतं. शेजारणीच्या बाटलीवर आणि माझ्या बाटलीवर एकच अक्षर होतं, आणि तिचा आकडा मी ओझरता पाहिला होता. माझ्या वजनात मी २१ मिलिग्रॅम वाढवून लिहिले.

गुण चांगले मिळाले. मला कुणी काही विचारलं नाही, आणि घात तिथेच झाला. एखादे गुरुजी रागावले असते, शून्य देऊन परत पाठवलं असतं, तर मी त्या रात्री पुस्तक उघडलं असतं आणि ते पाणी पांढरं का आलं ते शोधलं असतं.

ते का आलं हे अवघड नाही. द्रावण एकदम ओतलं की एकाच क्षणी असंख्य कण जन्माला येतात, आणि वाढायला माल थोडा, वाटेकरी फार, म्हणून सगळेच बारीक राहतात. गरम द्रावणात सावकाश घातलं तर कण कमी जन्मतात आणि मोठे होतात. वॉटर बाथवरचा तो एक तास रिकामा नसतो. त्या वेळात सगळ्यात बारीक कण विरघळतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. ओस्टवाल्ड या शास्त्रज्ञाचं नाव या प्रक्रियेला आहे. बेरियम सल्फेट पाण्यात विरघळतं ते लिटरला जेमतेम अडीच मिलिग्रॅम, पण तेवढ्याशा येण्याजाण्यावर हा सगळा व्यवहार चालतो. कागद कितीही भारी घ्या, गाळण नीट होणार की नाही हे नरसाळ्यापर्यंत पोचण्याआधीच चंचुपात्रात ठरून गेलेलं असतं.

हे सगळं पुस्तकात होतं. फक्त पुस्तकात विक्रियेला दोन पानं असत, आणि तिच्या शेवटी दोन शब्द: गाळून घ्यावे. त्या दोन शब्दांकडे मी पुढची दहा वर्षं स्वयंपाकघरात भांडी विसळून घ्यावीत तसं पाहिलं. खरं तर स्वयंपाकघराकडे तरी नीट पाहायला हवं होतं. आमच्या घरी पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी आलं की आजी हंड्यात तुरटी फिरवायची आणि रात्रभर हंड्याला हात लावू द्यायची नाही. निवळणं, निथळणं, गाळणं, साका बसणं, चोथा राहणं, वस्त्रगाळ करणं, हे सगळे शब्द मला शाळेत जाण्याआधी येत होते, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे हेही ठाऊक होतं. प्रयोगशाळेत शिरताना मी ते चपलांबरोबर बाहेर ठेवले.

एम.एस्सी. करून १९७९ साली अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यात मला नोकरी लागली. आधी प्रयोगशाळा, मग पायलट प्लँट, मग उत्पादनाचं तांत्रिक काम. नवी पद्धत प्लँटमध्ये बसवायची, तिची बॅच शीट लिहायची आणि पहिल्या काही बॅच उभं राहून करून घ्यायच्या. उभं राहून म्हणजे दिवसाउजेडी. १९४८च्या कारखाने कायद्यानुसार स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत कामावर ठेवता येई. सात वाजायच्या आत मी फाटकाबाहेर असायची. रात्री प्लँटमध्ये असायचा तो माझा कागद.

प्लँटमध्ये एक न बोललेली वाटणी होती. रिॲक्टर केमिस्टचा, फिल्टर ऑपरेटरचा. तापमान, पीएच, नमुने हे आमच्याकडे. कापड अंथरणं, त्यावर साठलेला केक खरवडून काढणं, ड्रम भरणं त्यांच्याकडे. आमच्या शिफ्टचे थोरले ऑपरेटर पन्नाशीचे होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणत असे. ते सातवी शिकलेले होते आणि वीस वर्षं फिल्टरवर होते. मी त्यांच्याशी कधी उद्धट बोलले नव्हते असं मला वाटत असे. पण फिल्टरबद्दल मी त्यांना एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

१९८२च्या मार्चअखेरीस एक माल ३१ तारखेच्या आत बाहेर पाठवायचा होता. शेवटची पायरी स्फटिकीकरणाची: आयसोप्रोपिल अल्कोहोलमधलं ७० अंशांचं द्रावण सहा तासांत हळूहळू ५ अंशांपर्यंत आणायचं, मग गाळायचं. मी हिशेब केला की थंड करण्यात पाच तास वाचतील. रिॲक्टरच्या जॅकेटमध्ये सरळ थंडगार ब्राइन सोडायला सांगितलं. पन्नास मिनिटांत ५ अंश आले.

मामांनी नमुन्याची बाटली उजेडाकडे धरली, दोनदा उलटी-सुलटी केली आणि टेबलावर ठेवून बघत बसले. मग म्हणाले, "मॅडम, माल पिठासारखा आलाय. रव्यासारखा यायला हवा. हा तळालाच बसत नाहीये."

मी शुद्धतेचा रिपोर्ट बघत होते. तो चांगला होता. "रिपोर्ट ठीक आहे मामा, गाळून घ्या," म्हणाले.

फिल्टर ‘नच’ जातीचा, बंद झाकणाचा होता, वरून नायट्रोजनचा एक किलो दाब. खालच्या साइट ग्लासमध्ये पहिल्यांदा बोटाएवढी धार आली. पंधरा मिनिटांत ती दोऱ्याएवढी झाली आणि तासाभरात थेंब. एरवी हे काम तीन तासांत उरकत असे. मी दाब दोन किलो केला. धार मिनिटभर जाड झाली आणि मग आधीपेक्षा बारीक. अडीच केला, पुन्हा तेच.

"मॅडम, घाई करून चक्का पिळला की दही कापडाच्या भोकांत बसतं," मामा म्हणाले. "मग तो पिळूनही गळत नाही. टांगून ठेवलेला बरा."

"मामा, हे दही नाहीये," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. शेजारी दोन पोरं उभी होती, त्यांनी माना खाली घातल्या.

ते दहीच होतं, हे मला नंतर कागदावर मांडल्यावर दिसलं. केकमधल्या कणांचा आकार निम्मा झाला की तेवढ्याच जाडीच्या थरातून द्रव साधारण चौपट सावकाश जातो; आकार दहावा हिस्सा झाला तर शंभरपट. आणि बारीक, मऊ कणांचा केक दाबला की दबतो. त्याच्यातल्या वाटा बुजतात, आणि जितका जोर लावावा तितका तो स्वतःलाच घट्ट करून घेतो. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत याचं समीकरण आहे. मामांकडे चक्का होता.

२९ तास लागले. एवढं करून केकमध्ये निम्मं मदर लिकर, म्हणजे स्फटिकांभोवतीचं द्रावण, तसंच राहिलं होतं, त्यातली अशुद्धी मालात वाळली, माल नापास झाला. पुन्हा विरघळवून, पुन्हा सहा तास थंड करून, पुन्हा गाळला. ३१ मार्च हुकला. दोन ऑपरेटर सलग दुसऱ्या शिफ्टला थांबले होते. त्यातल्या एकाच्या घरी त्या संध्याकाळी मुलीचं बारसं होतं. तो घरी पोचला तेव्हा पाळणा आवरून झाला होता.

मी अहवालात लिहिलं: फिल्टरचं कापड चोंदल्यामुळे विलंब. नवीन कापड मागवलं गेलं, बसवलं गेलं. जुन्या कापडात काही दोष नव्हता.

केक धुण्याबद्दलही मी अशीच उशिरा शहाणी झाले. केकमध्ये १०० लिटर द्रव अडकला असेल आणि ४०० लिटर एकदम ओतून धुतलं, तर हिशेबानं पाचवा हिस्सा घाण मागे राहते. तेच ४०० लिटर शंभर-शंभरच्या चार हप्त्यांत, प्रत्येक वेळी नीट निथळू देऊन वापरलं, तर सोळावा हिस्सा. केकला भेग पडली असेल तर दोन्ही हिशेब फुकट, कारण सगळं पाणी भेगेतून निघून जातं आणि केक जसाच्या तसा राहतो. मामा धुण्याआधी लाकडी थापीनं केकच्या भेगा लिंपून घेत. मला ते कित्येक महिने वेळकाढूपणा वाटत होता.

आता १९८५ची गोष्ट. इतकी वर्षं ती मी तुकड्या-तुकड्यांनीच सांगत आले.

आमच्या एका मालात नायट्रो संयुगाचं अमाइन करायची पायरी होती. जुनी पद्धत लोखंडाच्या भुकटीची. बेशाँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १८५४मध्ये शोधलेली, स्वस्त आणि दणकट. पण तिच्यात लोखंडाच्या ऑक्साइडचा काळा, जड गाळ ढिगानं निघतो, आणि त्याची विल्हेवाट ही डोकेदुखी झाली होती. त्याऐवजी हायड्रोजन वायू आणि कोळशाच्या भुकटीवर बसवलेलं ५ टक्के पॅलेडियम वापरायचं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं. प्रयोगशाळेत मी ते चाळीसेक वेळा केलं. माल सुंदर आला. मला त्या कामाचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

त्या चाळीसांतल्या एका दिवसाबद्दल सांगायला हवं. मिथेनॉलमधलं मिश्रण मी ब्यूखनर नरसाळ्यातून गाळलं. (एर्न्स्ट ब्यूखनरनं ते १८८८मध्ये प्रसिद्ध केलं. १९०७चं नोबेल मिळालेला एडुआर्ड ब्यूखनर वेगळा. मी कितीतरी शिकाऊ मुलांना ते एकच असल्याचं सांगत असे.) पंप चालू राहिला, काळा थर वाळला. मी कागद चिमट्यानं उचलला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला. थोड्या वेळानं धुराचा वास आला. टोपलीत वाकून पाहिलं तर त्या कागदाच्या कडेला जिथे काळी भुकटी चिकटली होती, तिथे एक नारिंगी रेघ सरकत होती, उदबत्तीच्या टोकासारखी. ज्योत नव्हती. कागद तिच्या मागे राखाडी होत चालला होता. मी वॉश बॉटलनं पाणी मारलं. रेघ विझली.

आणि मी ते वहीत लिहिलं नाही.

वहीत त्या दिवशीचा उतारा आहे, वितळणबिंदू आहे, हायड्रोजन किती वेळात गेला तेही आहे. विक्रियेबद्दल एकूण एक गोष्ट आहे. गाळण्यापुढे, दोन शब्द. तेव्हापासून मी स्वतः तो थर कोरडा होऊ देत नसे, वरून पाणी ओतून ओलाच काढत असे. माझ्या हाताला सवय लागली. कागदाला लागली नाही.

बॅच शीट नऊ पानांची झाली. हायड्रोजनेशनला चार पानं: नायट्रोजननं कितीदा धुवायचं, दाब किती, ढवळणी किती वेगानं, काय झालं तर काय बंद करायचं. गाळण्याचा भाग मी जुन्या शीटवरून उतरवून घेतला. "मिश्रण गाळून घ्यावे. केक मिथेनॉलने दोनदा धुवावा. केक पूर्ण कोरडा होईपर्यंत व्हॅक्यूम चालू ठेवावा." लोखंडाच्या गाळासाठी हे योग्य होतं, त्यात बराच माल भिजून राहतो, तो ओढून काढावाच लागतो. फिल्टरही तोच ठेवला, वरून उघडा, खालून व्हॅक्यूमचा. लोखंडाच्या जागी पॅलेडियम आलं होतं. त्या तीन वाक्यांत काहीही बदललं नव्हतं.

पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन सामावून घेऊ शकतं. विक्रिया संपल्यावरही त्यात तो राहतो. अशी भुकटी मिथेनॉलनं ओली असताना वरून हवा ओढत कोरडी करायची, म्हणजे इंधन, हवा आणि दोघांना पेटवणारं उत्प्रेरक एकाच कापडावर मांडून ठेवायचं. मिथेनॉलची वाफ तर ११ अंशांनाही पेट घेऊ शकते. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ती नारिंगी रेघ मी पाहिली होती.

पहिल्या दोन बॅच माझ्यासमोर दुपारी गाळल्या गेल्या. दोन्ही वेळा मला केकचा ओला नमुना हवा होता, म्हणून तो वाळण्याआधीच काढला. म्हणजे माझं तिसरं वाक्य तोवर कुणीच पाळून पाहिलं नव्हतं. तिसरी बॅच रात्री आली. मामा शिफ्टला होते. त्यांनी कागद वाचला आणि वाक्यानं सांगितलं तसं केलं. व्हॅक्यूम दीड तास चालू ठेवला. केक कडेनं सुटला, भेगा पडल्या, भेगांतून हवा सुसाट जाऊ लागली. अडीचच्या सुमारास ते केक काढायला फिल्टरवर वाकले. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, उजेडात दिसत नाही. त्यांना ती दिसली नाही. हाताला लागली.

बाकीच्यांनी काही मिनिटांत आग विझवली. कापड जळलं, कठड्याचा रंग फुगून आला, एवढंच नुकसान नोंदलं गेलं. मामांचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजला होता.

मला सकाळी साडेआठला फाटकावर कळलं. आधी हॉस्पिटलमध्ये जायला हवं होतं. मी आधी टेबलाशी गेले आणि फाइल उघडली. ते वाक्य माझ्याच अक्षरात होतं, "पूर्ण" या शब्दाखाली रेघही मारलेली. रेघ मारल्याचं मला आठवत नव्हतं.

चौकशी झाली. चार जण टेबलाभोवती बसलो होतो. निष्कर्ष लिहिला गेला: ऑपरेटरनं केक गरजेपेक्षा जास्त वेळ ओढला. "गरज" किती, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मामांच्या नावे मेमो निघाला. मी तिथे होते. फाइल माझ्यासमोर होती. मला कुणी विचारलं नाही, आणि मी बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं की २१ मिलिग्रॅम, चोंदलेलं कापड, टोपलीतला कागद, सगळं एकदम बाहेर पडेल असं वाटत होतं. त्या तिन्ही वेळा गप्प राहून निभावलं होतं. अकरा दिवस मी गप्प होते.

बाराव्या दिवशी मामा घरी आल्याचं कळलं म्हणून संध्याकाळी कल्याणला त्यांच्या चाळीत गेले. ते कॉटवर बसले होते, हात उशीवर ठेवलेला, बँडेजमधून बोटांची टोकं दिसत होती. मामींनी चहा केला. इकडचं तिकडचं झालं. मग मामांनी विचारलं, "मॅडम, कागदावर होतं तसंच केलं ना मी? का माझ्याकडून काही राहिलं?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. बारा दिवस ते आपली चूक शोधत होते.

"तुम्ही बरोबर केलंत मामा," मी म्हणाले. "कागद चुकीचा होता. तो मी लिहिला होता." टोपलीतल्या कागदाचंही सांगितलं.

मामी उठल्या, माझ्यापुढचा अर्धा भरलेला कप उचलला आणि आत गेल्या. मामा बराच वेळ हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "मग तो आधी बदला. सोमवारी बॅच आहे ना पुढची?"

सोमवारी बॅच होती, त्याच कागदावर. अकरा दिवस मी स्वतःला वाचवत होते, आणि ते वाक्य तसंच फाइलमध्ये पडून होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या टेबलावर दोन पानं ठेवली. बॅच थांबली. निष्कर्ष दुरुस्त झाला, मेमो मागे घेतला गेला. माझी वेतनवाढ एक वर्ष थांबली. ते वाजवी होतं. मामा दीड महिन्यानं कामावर आले. जखम भरली, पण उजवी मूठ पुढे कधी पूर्ण वळली नाही. व्हॉल्व्ह ते डाव्या हातानं फिरवू लागले.

नवा कागद मी त्यांच्याबरोबर बसून लिहिला. जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या मागच्या बाकावर, आठवडाभर. मराठीत. त्यांनी विचारायचं, मी उत्तर द्यायचं, आणि कित्येकदा उलट. फिल्टर बंद झाकणाचा, वरून नायट्रोजन. द्रवाची पातळी केकच्या खाली जाऊ द्यायची नाही. मी "पुरेसा द्रव" लिहिलं होतं. मामा म्हणाले, पुरेसा म्हणजे किती? मी "चार बोटं" लिहिलं. मिथेनॉलनं धुणं ते चार बोटं राखूनच, मग मिथेनॉल पूर्ण जाईपर्यंत पाण्यानं. व्हॅक्यूम लावायचाच नाही. झाकण उघडण्याआधी शेजारी पाण्याचा भरलेला ड्रम आहे का ते बघायचं. केक ओलाच काढायचा आणि सरळ पाण्याखाली घालायचा. कापडसुद्धा ओलंच, कचऱ्यात नाही, त्याच ड्रममध्ये.

"प्रत्येकापुढे का ते पण लिहा," मामा म्हणाले. "रात्री विचारायला कुणी नसतं."

म्हणून उजवीकडे एक जास्तीचा रकाना काढला आणि त्यावर "का" असं लिहिलं. तीन वाक्यांच्या जागी दीड पान झालं. साहेबांनी विचारलं, गाळण्याला एवढं? मी हो म्हणाले.

त्या कागदावरची पहिली बॅच दुपारी चारला गाळायला घेतली. मी साइट ग्लाससमोर स्टुलावर बसले होते. धार सुरुवातीला राखाडी आली, आम्ही ती परत फिल्टरमध्ये फिरवली. दुसऱ्या फेरीला ती पाण्यासारखी नितळ झाली आणि तशीच राहिली. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं. चार बोटं, मग पाणी, मग पुन्हा पाणी. मामांनी झाकणाचे बोल्ट डाव्या हातानं सोडले. ओला काळा केक फावड्यावरून ड्रममध्ये सरकला. पाणी गडद झालं, दोन-चार बुडबुडे आले, आणि काही झालं नाही.

ड्रमवर झाकण ठेवलं. मी वेळ लिहिली, ६ वाजून ३५ मिनिटं. खाली दोन सह्यांची जागा होती. मामांनी आधी केली, सावकाश, आखडलेल्या बोटांत पेन अडकवून, आणि कागद माझ्याकडे सरकवला.